दुरुस्त केलेली गल्ली

रॉटरडॅमच्या उत्तरेला एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत वस्तीतल्या लोकांसाठी कलेचे वर्ग चालत. कलेचे म्हणजे आपलं म्हणायचं. पद्मजा देशिंगकर पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा दारातूनच तिनं आत नजर फिरवली आणि मनातल्या मनात सगळ्यांना सरसकट नापास करून टाकलं. एका खोलीत चार धडधाकट माणसं मातीचे वाडगे थापत होती. असले वाडगे, की मांजरानंसुद्धा त्यात तोंड घालायच्या आधी विचार केला असता. पलीकडच्या खोलीत बायका लोकरीचे पुंजके साबणाच्या पाण्यात चोळत बसल्या होत्या, त्यातून म्हणे टोप्या होणार होत्या. आणि चित्रकलेच्या वर्गात आनेके नावाच्या एक आजीबाई गाय रंगवत होत्या. निळी गाय. पाय पाच दिसत होते, त्यातलं एक बहुधा शेपूट असावं.

“निळी का?” पद्मजानं इंग्रजीत विचारलं.

“आज मला निळी वाटली,” आनेके म्हणाली.

आजूबाजूचे सगळे हातातलं काम टाकून ती गाय बघायला आले आणि ‘मोई, मोई’ म्हणाले. मोई म्हणजे सुंदर. या देशात आल्यापासून पद्मजानं हा शब्द इतक्या भिकार गोष्टींबद्दल ऐकला होता, की तिला तो शिवीसारखा वाटायला लागला होता.

पद्मजा काही वेळ जात नाही म्हणून ब्रश धरणारी बाई नव्हती. चित्रकला शिक्षकाची ए.टी.डी. पदविका घेतलेली, पुण्याच्या एका नावाजलेल्या शाळेत अठरा वर्षं चित्रकला शिकवलेली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या सरकारी परीक्षांना तिची मुलं बसायची ती ए ग्रेड घेऊनच उठायची. तिच्या सुट्टीतल्या वर्गात नाव घालायला पालक वशिला लावत. मंडईत गेली तरी कुणीतरी ‘बाई, नमस्कार’ म्हणून पिशवी धरायला पुढे यायचं. मग नवऱ्याच्या, दिलीपच्या कंपनीनं त्याला इथे बंदरातल्या एका गिऱ्हाइकाकडे धाडलं, आणि नोकरीचा राजीनामा देऊन तीही मागोमाग आली. विमानातून उतरताना ‘देशिंगकर बाई’ कुठे गळून पडल्या कोण जाणे. उरली ती ‘दिलीपची मिसेस’. तिला चित्रकला येते असं कळल्यावर मराठी मंडळातल्या बायकांनी तिला गणपतीत मखराचा थर्माकोल कापायला बसवलं. वर ‘तुमचा हात काय छान आहे हो’ असं कौतुकही केलं. पद्मजानं थर्माकोल कापला, पण त्या बायकांना तिनं माफ केलं नाही.

म्हणून तर ती या शाळेत येऊन पोचली होती. गुरुवारी दुपारच्या चित्रकलेच्या वर्गाची शिक्षिका बाळंतपणासाठी जाणार होती आणि तिच्या जागी कुणीतरी हवं होतं. केंद्राचं काम बघणारी लीसबेत साध्या जीनमध्ये, पायात लाकडी खडावांसारखं काहीतरी घालून समोर बसली. तिनं पद्मजाची सर्टिफिकेटं उलटसुलट करून बघितली आणि न वाचताच परत दिली.

“तू तीन गुरुवार वर्ग घे,” ती म्हणाली. “मग आपण सगळे बसून ठरवू.”

“सगळे म्हणजे कोण?”

“सगळे. वर्गातले.”

“म्हणजे शिक्षक कोण असावा ते विद्यार्थी ठरवणार?”

“अर्थात. शिकायचं त्यांना आहे ना.”

पुण्यात हे कुणाला सांगितलं असतं तर माणसं खो खो हसली असती. पण पद्मजा हो म्हणाली, कारण तिला तो वर्ग हवा होता. सबंध जगात आठवड्यातून एक दुपार तरी तिला पुन्हा बाई व्हायचं होतं. इतकं, की घरी परतताना ट्राममध्ये ती मनातल्या मनात हजेरी घेत होती.

पहिल्या गुरुवारी तिनं त्या गायवाल्या आनेकेपासूनच सुरुवात केली. आनेकेनं चिनीमातीचा जग काढायला घेतला होता, आणि जगाचं तोंड असं वाकडं झालं होतं की जणू त्याची दाढ दुखत होती. पद्मजानं तिला खांद्याला धरून उठवलं, स्वतः तिच्या स्टुलावर बसली, तिच्याच हातातली पेन्सिल घेतली आणि जग दुरुस्त करून दिला. चित्रकलेचे मास्तर हेच करतात. आपल्याकडे हे वेगळं सांगावंही लागत नाही. मूल उठून बाजूला उभं राहतं, मास्तर त्याच्या जागेवर बसतात, चार रेघांत चित्र उभं राहतं आणि मूल धन्य होतं. पद्मजाच्या हातचं असं दुरुस्त झालेलं चित्र पालक फ्रेम करून दिवाणखान्यात लावत, खाली मुलाचं नाव घालून.

आनेके धन्य झाली की नाही ते कळलं नाही. ती जगाकडे बघत राहिली. मग “अच्छा, असं असतं होय!” अशा अर्थाचं काहीतरी डचमध्ये बोलली. हान्स नावाच्या गृहस्थानं मात्र पद्मजा जवळ येताना दिसताच आपला कागद दोन्ही हातांनी झाकला. पंचावन्न वर्षांचा घोडा, आणि पहिलीतल्या पोरासारखा कागद झाकतो! पद्मजानं त्याला मनातल्या मनात कोपऱ्यात उभं केलं आणि पुढे गेली.

पुढे खिडकीपाशी योप बसायचा. पंचाहत्तरीला आलेला, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, उंच आणि किडकिडीत. हा म्हातारा गेली दोन वर्षं एकच चित्र काढत होता असं लीसबेतनं सांगितलं होतं, आणि तेही अभिमानानं. दोन वर्षं! तेवढ्या वेळात पद्मजानं दोन बॅचेस ए ग्रेडनं पार केल्या असत्या. चित्र होतं एका गल्लीचं. पण काय ती गल्ली! घरं दारू प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर रेललेली. एक खिडकी दाराएवढी, शेजारची काडेपेटीएवढी. क्षितिजरेषेचा पत्ता नाही, सगळ्या रेघा लांबवर जिथे मिळतात त्या लोपबिंदूचा तर प्रश्नच नाही. प्रत्येक घर आपापल्या मर्जीनं कुठेतरी पळत सुटलेलं. आणि मध्यभागी एक कुत्रा, तो चक्क दरवाजाइतका उंच. कागद तर खोडून आणि पुन्हा काढून बनियनसारखा विरला होता.

“हे अजून झालेलं नाही,” योप तिच्याकडे न बघता म्हणाला.

‘ते दिसतंच आहे,’ पद्मजा मनात म्हणाली.

दुसऱ्या गुरुवारी कॉफीची पाळी योपची होती. त्या वर्गात कॉफी पाळीपाळीनं करायची पद्धत होती, आणि एका कपाबरोबर एकच बिस्किट मिळायचं. डबा लगेच बंद. योप स्वयंपाकघराकडे गेला तशी पद्मजा त्याच्या स्टुलावर बसली. तिचे हात शिवशिवत होतेच. एखाद्या चुकीच्या चित्रासमोर गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं पट्टी घेतली, क्षितिजरेषा मारली, लोपबिंदू ठरवला आणि घरांना एकेक करून शिस्तीत उभं केलं. खिडक्या एका मापात आणल्या. कुत्रा खोडून योग्य त्या आकाराचा, शेपटी वर केलेला असा छान कुत्रा एका बाजूला बसवला. एका दारापाशी पेन्सिलीचे काळपट फराटे होते, हात घासून पडलेला डाग असावा असा. तो खोडरबरानं साफ केला. डाव्या बाजूला सावली दिली. कॉफी येईस्तोवर दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. आनेके मागे येऊन उभी राहिली आणि मोई म्हणाली. यावेळी तो शब्द योग्य ठिकाणी पडला असं पद्मजाला वाटलं.

योप ट्रे घेऊन आला. त्यानं ट्रे खाली ठेवला, चष्मा बदलला आणि बराच वेळ चित्राकडे बघितलं.

“फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “पण ही गल्ली मी पाहिलेली नाही.”

“तुमचीच आहे. फक्त पर्स्पेक्टिव्ह दुरुस्त केलं.”

“इथे जिना होता.” त्यानं साफ केलेल्या जागेवर बोट ठेवलं. “तळघरात जाणारा, लोखंडी कठड्याचा. मागच्याच आठवड्यात मला तो आठवला.”

“मला वाटलं डाग आहे.”

“हो. मला जमला नव्हता.”

मग योपनं सांगितलं, आणि ते आवाज न चढवता, विमा कंपनीतला माणूस कलमं समजावून देतो तसं. ही त्याची लहानपणची गल्ली होती. दुसरं महायुद्ध या देशात पोचलं त्या पहिल्याच आठवड्यात शहरावर बॉम्ब पडले आणि पाव तासात ती पुसली गेली. घर गेलं तसे घरातले फोटोही गेले. आता तिथे मोठमोठी दुकानं आहेत, रस्ताही त्याच जागी राहिलेला नाही. गल्ली आठवणारी एक बहीण होती कॅनडात, ती गेल्या वर्षी वारली. म्हणून तो दर गुरुवारी इथे बसून जे आठवेल ते कागदावर उतरवत होता. कधी एखादी खिडकी आठवे, कधी महिना महिना काहीच नाही.

“घरं तशीच वाकलेली होती,” तो म्हणाला. “इथली जमीन भुसभुशीत.”

“पण कुत्रा दरवाजाएवढा कसा असेल?” पद्मजानं विचारलं. हा प्रश्न तिनं विचारायला नको होता हे तिला विचारतानाच कळत होतं, पण चूक ती चूक.

“मी सहा वर्षांचा होतो,” योप म्हणाला.

त्यानं कॉफी सगळ्यांना वाटली, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि नेहमीच्या वेळेलाच घरी गेला. तो ओरडला असता तर पद्मजाला बरं वाटलं असतं.

घरी तिनं दिलीपला सगळं सांगितलं ते भांडणाच्याच सुरात.

“अहो, तुम्हीच सांगा, काय चुकलं माझं? दोन वर्षं तो माणूस एका कागदाशी झटापट करतोय. मी त्याला करून दिलं.”

दिलीप लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “पद्मा, sorry म्हणून टाक ना. विषय संपव. हे लोक feedback द्यायला बसले की फार straight बोलतात. माझ्या office मध्ये तर boss ला तोंडावर सांगतात, your plan is stupid म्हणून.”

“सॉरी कशाबद्दल? क्षितिजरेषेबद्दल?”

“अगं, त्याच्या memories आहेत त्या.”

“मेमरी म्हणजे काय वाट्टेल ते काढायचं? स्मरणचित्र शिकवलंय मी अठरा वर्षं, मला नका सांगू.”

दिलीपनं पुन्हा लॅपटॉपवर बोटं चालवायला सुरुवात केली. असल्या वेळी तो नेहमी शहाण्यासारखा कामाला लागायचा, आणि त्याचा तर पद्मजाला जास्तच राग यायचा.

तिसरा गुरुवार उजाडला. चित्रं काढायची सोडून सगळे खुर्च्या गोल मांडून बसले. पद्मजाला त्या गोलात बसवण्यात आलं, तिच्या समोरच तिच्याबद्दल बोलायला. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा निदान पाठीमागे बोलतात. हान्स म्हणाला की त्याच्या कागदाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला आवडत नाही, आणि या बाईंचं लक्ष माणसाकडे नसून चुकांकडे असतं. आनेके म्हणाली की चिनीमातीच्या जगाचं तोंड गोल कसं दिसतं ते तिला सत्तर वर्षांत पहिल्यांदा कळलं. आणखी दोघी म्हणाल्या की त्यांना कडक शिक्षक आवडतो, इथे सगळे फार गोड बोलतात. पद्मजानं चेहरा हसरा ठेवला होता. आतून ती या एकेकाला आपल्या शाळेच्या मैदानावर उन्हात उभं करत होती. पण आता योपची पाळी होती आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं नाही म्हटलं की संपलं. मग पुन्हा थर्माकोल.

“मला अजून काही सांगता येणार नाही,” योप म्हणाला. “तिनं आमची चित्रं दुरुस्त केली, पण ती स्वतः काय काढते ते मी पाहिलेलं नाही. तिनंही तिची गल्ली काढावी. माझ्यासारखी, समोर काही न ठेवता.”

पद्मजाचा जीव भांड्यात पडला. स्मरणचित्र! हा म्हातारा आपल्या हातानं तिला पेपर फोडून देत होता. तिनं ड्रॉइंग बोर्ड मागवला, कागद ताणून बसवला, बाह्या वर केल्या. लहानपणी ती सांगलीला गावभागात राहायची, तिथली गल्ली काढते म्हणाली.

आता स्मरणचित्राचं एक गुपित आहे आणि ते परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. विषय कुठलाही येवो, जत्रा येवो, बाजार येवो, बस थांबा येवो, माणसं तीच असतात. एक फुगेवाला, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, एक पाठमोरे छत्रीवाले आजोबा, हात धरलेली दोन मुलं. ती वर्षभर घोटून घोटून तयार ठेवायची आणि पेपरात योग्य जागी मांडायची. पद्मजा चौदाव्या वर्षी ती शिकली आणि पुढे शेकडो मुलांकडून तिनं ती घोटून घेतली. आताही तिचा हात सरसर चालला. डावीकडे मोठं घर, उजवीकडे दोन लहान, मध्ये रिकामं वाटू नये म्हणून झाड, झाडाखाली पार. मग फुगेवाला, मग टोपलीवाली, मग आजोबा. जलरंगाचे पातळ थर, साडीला लाल, फुग्यांना पिवळा. एकदाही खोडरबर लागलं नाही. वर्ग श्वास रोखून बघत होता. हान्ससुद्धा खुर्ची सोडून पुढे आला. चित्र पुरं झालं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोलीत त्याआधी कुणासाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या असं नंतर लीसबेत म्हणाली.

पद्मजानं ब्रश धुतला. किती दिवसांनी तिच्या मानेला तो जुना ताठा आला होता.

योपनं आपलं स्टूल ओढून चित्राजवळ आणलं, अगदी नाक लागेल इतकं जवळ.

“यातलं तुझं घर कुठलं?” त्यानं विचारलं.

पद्मजानं चित्राकडे बघितलं. तीन घरं होती, रचनेला लागतात तेवढी. तिचं त्यात कुठलंच नव्हतं.

“हे,” तिनं डावीकडचं दाखवलं.

“वरच्या खिडकीत कोण राहायचं?”

वर कोण राहायचं? त्यांच्या घराला वरचा मजला होता का? होता, बहुतेक. जिना आतून होता की बाहेरून? समोर पिठाची गिरणी होती आणि दिवसभर तिचा आवाज यायचा. की ती मिरजेला मावशीच्या घरासमोर होती? पद्मजानं डोळे मिटून पुन्हा बघायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांपुढे हीच तीन घरं आली, हेच झाड आलं. त्या गल्लीत पार नव्हता, झाडही नव्हतं, एवढं मात्र तिला आठवलं. लग्न होईपर्यंत ती त्याच गल्लीतून रोज येत-जात होती, आणि तिनं ती बघितलीच नव्हती. या पाच पायांच्या गायी काढणाऱ्यांना ती इतके दिवस हसत होती, पण त्यांनी निदान गाय बघितलेली होती.

“आमचे भाडेकरू,” ती म्हणाली.

योपनं मान हलवली. एवढ्यात लीसबेतनं हात वर करून सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी हो म्हटलं, हान्सनंही. गुरुवारचा वर्ग पद्मजाचा झाला. लीसबेतनं तिच्या गालांना गाल लावून तीनदा अभिनंदन केलं. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पद्मजाला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

योप अजून चित्रासमोरच होता.

“आणि हा फुगेवाला? याचं नाव काय?”

खरं सांगायची हीच वेळ होती. आमच्या गल्लीत फुगेवाला कधी आलाच नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण अठरा वर्षं जिला वर्गात उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं, तिच्या तोंडून उत्तर निघून गेलं.

“नीळकंठ,” पद्मजा म्हणाली.

“नीळकंठ,” योपनं जपून, एकेक अक्षर लावत म्हणून बघितलं. गेलेल्या माणसाचं नाव घेतात तसं. “तू नशीबवान आहेस. मला आमच्या गल्लीतलं एकही नाव आठवत नाही.”

मग तो आपल्या जागेवर गेला आणि त्यानं कोरा कागद घेतला.

पद्मजाला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. ती त्याच्यामागे जायला वळली, पण आनेकेनं तिचा हात धरला. तिला तो फुगेवाला शिकायचा होता. आता सगळ्यांनाच शिकायचा होता, सगळे कागद घेऊन तयार बसले होते आणि बाईंकडे बघत होते. पद्मजा फळ्यापाशी गेली, खडू उचलला आणि डोक्याच्या गोलापासून सुरुवात करून तिनं त्यांना फुगेवाला काढायला शिकवला.